मराठीतली लोकविज्ञानाची पुस्तकं

सायन्स न शिकलेल्या किंवा दहावीनंतर सोडून दिलेल्या माणसाला परीक्षा-बिरीक्षा डोक्यात न ठेवता, निव्वळ समजून घ्यायचंय म्हणून वाचता येतील अशी विज्ञान-तंत्रज्ञानावरची पुस्तकं म्हणजे लोकविज्ञानाची पुस्तकं. क्रमिक पुस्तकं आणि गाईडं यात धरत नाहीत. विज्ञानकथा हा खरं तर वेगळा प्रकार, पण मराठीत दोन्हीकडे लिहिणारी माणसं बरीचशी तीच आहेत, त्यामुळे ग्रंथप्रदर्शनात दोघांचं टेबल बहुतेक वेळा एकच असतं.

मराठीत असं पुस्तक सहसा पुस्तक म्हणून जन्माला येत नाही. आधी मासिकात लेख येतो, पेपरात सदर चालतं, दिवाळी अंकात एखादा दांडगा लेख होतो, नाहीतर व्याख्यानमालेत भाषण होतं आणि मग दोन-चार वर्षांनी त्या सगळ्याचं पुस्तक होतं. म्हणून प्रकरणं छोटी, प्रत्येक प्रकरण स्वतंत्र वाचता येईल असं, आणि एकच माहिती दोन-तीन ठिकाणी पुन्हा आलेली. लिहिणारे म्हणाल तर शाळा-कॉलेजातले शिक्षक, संशोधन संस्थांमधले शास्त्रज्ञ, इंजिनिअर, डॉक्टर. नोकरी सांभाळून रात्री लिहिणारी माणसं. फक्त विज्ञान लिहून घर चालवलंय असे लेखक मराठीत फार थोडे, निरंजन घाटे हे त्यातलं ठळक नाव, त्यांच्या पुस्तकांची संख्या शंभराच्या कितीतरी पुढे आहे.

सुरुवात एकोणिसाव्या शतकातली. 'दर्पण' काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक सुरू केलं, त्यात भूगोल, इतिहास आणि विज्ञान असे विषय असायचे. १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' आलं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचा 'अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह' १८६१ चा, त्यात वेगवेगळ्या शास्त्रांची ओळख आहे. पुढे केतकरांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'च्या प्रस्तावनाखंडांपैकी पाचवा खंड अख्खा 'विज्ञानेतिहास' म्हणून निघाला. म्हणजे मराठीत विज्ञान नवीनच आलंय असं जे सारखं बोललं जातं त्यात काही अर्थ नाही.

या सगळ्या जुन्या मंडळींमध्ये थांबून वाचावा असा माणूस म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म १८५३, दापोलीजवळचं मुरूड, पेशा शिक्षकाचा. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ चा ग्रंथ अभ्यासकांसाठी आहे आणि आजही त्याचा संदर्भ दिला जातो, पण त्याच्या आधी त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिलं ते साध्या वाचकासाठी, रात्री जेवणं आटोपल्यावर अंगणात उभं राहून आकाश बघणाऱ्यासाठी. दीक्षितांची विचार करायची पद्धत बघायची तर कृत्तिका या ताऱ्यांच्या पुंजक्यावरचा त्यांचा युक्तिवाद घ्या. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात म्हटलंय की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. आता कार्तिकात अंधार पडता पडता कृत्तिका उगवताना बघितल्या तर त्या बरोबर पूर्वेला उगवत नाहीत, पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला, साधारण २५ अंशांवर उगवतात. म्हणजे एकतर लिहिणाऱ्याने चुकीचं लिहिलं, किंवा तेव्हाचं आकाश वेगळं होतं. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा घेतो, त्यामुळे नक्षत्रांच्या उगवायच्या जागा हळूहळू सरकतात, आणि ही सरक मोजत मागे गेलं की कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवायचा काळ इ.स.पू. ३००० च्या आसपास येतो. त्यावरून त्या वाक्याचा काळ दीक्षितांनी मांडला. या निष्कर्षावर पुढे खूप वाद झाले, होत राहतात. पण वाचकाने स्वतः गच्चीवर जाऊन बघावं आणि लेखकाचं म्हणणं ताडून घ्यावं, ही सोय त्या युक्तिवादातच आहे.

मराठीतल्या चांगल्या लोकविज्ञानाची खरी ताकद इथेच आहे. वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी किंवा हातांनी तपासता येतं तिथे ही पुस्तकं उजवी ठरतात. आकाशदर्शनाची पुस्तकं म्हणूनच इतकी चालली. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास (१९८५-८६) खगोल मंडळ उभं राहिलं, त्यांचे मुंबईजवळच्या वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम मुंबईकरांना चांगले माहीत आहेत. अशा ठिकाणी पुस्तक बॅगेत असतंच आणि टॉर्चला लाल जिलेटिन लावून वाचायचं, कारण पांढऱ्या उजेडाने डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं जातात. या पुस्तकांतला पहिला धडा बहुधा मुठीचा असतो. हात लांब करून मूठ धरली की आकाशातले साधारण १० अंश झाकले जातात. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितकंच त्या जागेचं अक्षांश. मुंबईचं अक्षांश १९, म्हणजे उत्तर क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर ध्रुवतारा सापडायला हवा, आणि सापडतो. दिल्लीला गेलात तर तोच तारा तीन मुठींच्या जरा खाली दिसतो. पृथ्वी गोल आहे हे इतक्या स्वस्तात दुसरं काहीच पटवून देत नाही, आणि हे वाचून एकदा करून बघितलेलं पोरगं ते जन्मभर विसरत नाही. तसाच शून्य सावलीचा दिवस. महाराष्ट्रात मे महिन्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये ठरावीक दिवशी भर दुपारी उभ्या खांबाची सावली गायब होते, तारीख गावागणिक बदलते, आणि त्या तारखांच्या फरकावरून अक्षांश काढता येतं.

विसाव्या शतकात मासिकांनी हे काम नेटाने चालवलं. 'सृष्टिज्ञान' १९२८ साली पुण्यातून सुरू झालं, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक गो. रा. परांजपे यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलेलं आहे. २४ एप्रिल १९६६ ला मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, चुनाभट्टीला तिचं विज्ञान भवन आहे. परिषदेचं मासिक, वार्षिक अधिवेशनं, गावोगावचे विभाग, आणि 'लोकसत्ता'त कित्येक वर्षं चाललेलं 'कुतूहल' हे रोजचं छोटं सदर, यातून लिहिणाऱ्यांची एक अख्खी पिढी तयार झाली. दोन-तीनशे शब्दांत एक मुद्दा, चूक न करता, रोज. बोलायला सोपं वाटतं, ज्यांनी करून पाहिलंय त्यांना विचारा.

परिषदेच्याच विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ मध्ये 'कृष्णविवर' नावाची गोष्ट आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. तोवर ते केंब्रिजहून परत येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होते, आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी असं केलं. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ मराठीत लिहितोय याने विज्ञानलेखनाला जी प्रतिष्ठा मिळाली तिचं मोल करता येणार नाही. नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' हे आजही पहिलं पुस्तक म्हणून हातात द्यावं असं आहे. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीसकट येईल. आणि ते यायचं. २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मंगला नारळीकरांचं 'गणितगप्पा' त्यामानाने कमी गाजलं, पण गणिताला घाबरणाऱ्या मुलांसाठी (आणि त्यांच्या आईबाबांसाठी) ते तितकंच महत्त्वाचं पुस्तक आहे.

मोहन आपटे आणि बाळ फोंडके यांच्याशिवाय ही नोंद पुरी होत नाही. आपट्यांनी खगोलशास्त्रापासून पार रोजच्या जगण्यातल्या शंकांपर्यंत लिहिलं. फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रातले, जीवशास्त्र आणि वैद्यकावर त्यांचा हात सफाईने चालतो. निसर्गाच्या बाजूला मारुती चितमपल्ली आहेत, आयुष्य वनखात्यात काढलेला माणूस, त्यांचा 'पक्षीकोश' म्हणजे जंगलात राहणाऱ्या लोकांकडे असलेल्या माहितीचा साठा आहे. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' लोक ललित म्हणून वाचतात, वाचू देत, पण कुठल्या महिन्यात कुठलं झाड काय करतं हे बघायची सवय त्या पुस्तकाने जितक्या जणांना लावली तितकी वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकांनी नाही.

हातांनी तपासायच्या पुस्तकांमध्ये अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरी, १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंमधून शिकवायची खेळणी करू लागले. सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी घ्यायची, बोटाच्या पेरापेक्षा छोटे तुकडे करायचे, काडेपेटीतल्या काड्यांचा गुल खरवडून टाकायचा आणि नळीच्या दोन्ही तोंडांत काड्या घालायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच तिरका होतो, आणि त्याला कर्णाची एक काडी जोडली की तोही ताठ. रेल्वेच्या पुलावर, विजेच्या टॉवरवर सगळीकडे त्रिकोण का दिसतात हे मग सांगावं लागत नाही. पुढे आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं, २०१८ ला पद्मश्री मिळाली. त्यांच्या वेबसाईटवर स्वतःची आणि इतरांची हजारो पुस्तकं फुकट आहेत, मराठी अनुवादांसकट.

तंत्रज्ञानाची बाजू त्यामानाने पातळ. अच्युत गोडबोल्यांनी कॉम्प्युटर, नॅनोटेक्नॉलॉजी असे विषय जाडजूड पुस्तकांतून घरोघरी नेले, 'किमयागार' मध्ये शास्त्रज्ञांची आयुष्यं आणि त्यांचे शोध एकत्र गुंफले, आणि शहरातल्या नोकरदार वाचकाला सायन्सची गोडी लावण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण तंत्रज्ञानावरचं मराठी सगळ्यात गंभीरपणे कोण वाचतं म्हणाल तर शेतकरी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी', ठिबकवरची पुस्तकं, द्राक्ष-डाळिंबाच्या छाटणीवरची पुस्तकं, यांची पानं वापरून मळलेली असतात. तीच गोष्ट मोटार रिवाइंडिंग आणि वायरिंग शिकवणाऱ्या पातळ पुस्तकांची. समीक्षक यांची दखलही घेत नाहीत आणि ते चूक आहे, कारण अख्ख्या पिकाचे पैसे पुस्तकातल्या एका आकड्यावर लावणारा वाचक बाकी कुठल्या पुस्तकाला मिळतो?

उणिवा आहेत आणि त्या बोलायला हव्यात. पुस्तकाच्या शेवटी विषयांची सूची नसते, त्यामुळे एखादी गोष्ट पुन्हा शोधायची तर अख्खं पुस्तक चाळा. आकृत्या काळ्या-करड्या आणि पुसट, तारकानकाशात तारा कुठला आणि छपाईचा ठिपका कुठला कळत नाही. माहिती कुठून घेतली ते बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. नवी आवृत्ती म्हणजे फक्त नवं कव्हर, आतला मजकूर जुनाच. २००६ मध्ये प्लूटो ग्रहांच्या यादीतून गेला, तरी वाचनालयांत नऊ ग्रहांची पुस्तकं अजून फिरतायत आणि मुलं त्यावरून प्रोजेक्ट करतायत. औषधांच्या आणि आहाराच्या पुस्तकांत तर जुनी माहिती थेट धोक्याची. शिवाय चुंबकाने आजार बरे करा छापाची पुस्तकं दुकानात याच फळीवर लागतात, यावर प्रकाशक आणि विक्रेत्यांनी लक्ष द्यायला हवं.

जुनी पुस्तकं शोधायची असतील तर दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयात विज्ञानाचा क्रमांक ५०० पासून, तंत्रज्ञानाचा ६०० पासून सुरू होतो, खगोलशास्त्र ५२० आणि शेती ६३०. छोट्या गावातल्या वाचनालयात असं वर्गीकरण नसलं तर ग्रंथपालांना 'शास्त्रीय' विभाग विचारायचा, आणि तिथे नाही मिळालं तर बालविभाग नक्की बघायचा, मोठ्यांनी वाचावीत अशी कितीतरी पुस्तकं तिथे ठेवलेली असतात.