मुंबईच्या ताब्याचा तंटा: पार्श्वभूमी

पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या २३ जून १६६१ च्या विवाहकराराने दिलेले हे बेट प्रत्यक्ष हाती यायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागला, हे क्वचितच सांगितले जाते. करारात मुंबई बंदर व बेट सर्व हक्कांसह आणि लगतच्या मुलखासह देण्याचे लिहिले होते, आणि सगळा घोळ त्या ‘लगतच्या मुलखा’त होता. इंग्रजांच्या मते त्यात साष्टी व ठाणे येत होते. पोर्तुगीजांच्या लेखी माहीमसुद्धा निराळे होते.

१६६२ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबईचा गव्हर्नर नेमलेला सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे सैनिकांसह बंदरात आला, तेव्हा गोव्याचा पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) अंतोनियो द मेलो इ कास्त्रो याने त्याच्या अधिकारपत्रात खोट काढून ताबा नाकारला. सैन्य कारवारजवळच्या अंजदीव बेटावर गेले आणि तिथे रोगराईने खचत गेले. एप्रिल १६६४ मध्ये शिपमनही वारला, आणि उरले ते जेमतेम शंभर. या मृत्यूंची नोंद तहाच्या गोष्टीत एका ओळीत उरकली जाते, याची मला खंत वाटते. पुढे नवे अधिकारपत्र आले तेही शिपमनच्याच नावाचे. मग त्याचा चिटणीस हम्फ्रे कुक याला ताबा घेता येतो का, हा प्रश्न गोव्यात न्यायाधीशांपुढे गेला.

१४ जानेवारी १६६५ रोजी कुकने केवळ मुंबई बेटावर समाधान मानून करार केला. तो इंग्लंडच्या राजाने पुढे अमान्य केला. १८ फेब्रुवारीला बेटाची मालकीण दोना इग्नेझ द मिरांडा हिच्या वाड्यात, म्हणजे आजच्या टाउन हॉलमागच्या नौदलाच्या आवारात, कुकने माती आणि दगड हातात घेतले, तटावरून फेरी मारली आणि ताबा झाला. माहीम त्याने नंतर बळाने घेतले. १६६८ मध्ये राजाने बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने देऊन टाकले.

राजसत्ता बदलली तरी शेते, नारळीबागा पूर्वीच्याच खातेदारांच्या हाती होत्या, आणि त्यांची मालकी कोणत्या कायद्याने टिकते हे करारातून स्पष्ट होत नव्हते. तो वाद १६७२ मध्ये गव्हर्नर जेराल्ड ऑंजिअर याने खातेदारांशी तडजोड करून मिटवला: त्यांनी वर्षाला वीस हजार झेराफिन (पोर्तुगीज नाणी) भरायचे आणि कंपनीने त्यांच्या जमिनींना हात लावायचा नाही. जमिनीच्या पोर्तुगीज खंडाला ‘फोरो’ म्हणत; फोरास रोडच्या नावात तो शब्द राहिला आहे.