कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कर्मचाऱ्यांचा विश्वास

कामाच्या ठिकाणी कृत्रिम बुद्धिमत्तेवर (एआय) चालणारी प्रणाली आणताना ती प्रणाली व ती आणणारे व्यवस्थापन या दोहोंविषयी कर्मचाऱ्यांचा विश्वास मिळवण्याची रीत. यंत्राचा निर्णय बरोबर असेल, हा एक विश्वास. यंत्राचा वापर आपल्याविरुद्ध होणार नाही, हा दुसरा. बऱ्याच लेखनात त्यांची गल्लत होते. प्रस्तुत नोंदीत भर दुसऱ्यावर असून उदाहरणे शक्यतो गोव्यातील आहेत.

उगम : या विचाराच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एक परंपरा तो ब्रिटनमधील कोळसा खाणींच्या अभ्यासात शोधते. एरिक ट्रिस्ट व के. डब्ल्यू. बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये दाखवून दिले, की नवी यांत्रिक पद्धत येताच खाणकामगारांच्या जुन्या लहान टोळ्या मोडल्या आणि अपेक्षित उत्पादन हाती आले नाही. दुसरी परंपरा नॉर्वेकडे बोट दाखवते. तेथील लोखंड व धातू कामगार संघटनेने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी संगणकतज्ज्ञ क्रिस्टन न्यूगोर यांना सोबत घेऊन संगणकीकरणाचा कामगारांच्या बाजूने अभ्यास केला. त्यातून पुढे प्रणालीविषयी आधी माहिती मिळण्याचा हक्क देणारे करार झाले. ब्रिटिश अभ्यास कालदृष्ट्या आधीचा आहे, हे खरे. परंतु त्यात कामगाराच्या हक्काची भाषा नाही. म्हणून आजच्या अर्थाने उगम नॉर्वेत मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मानसशास्त्रातील लेखन बहुतांशी पहिल्या प्रकारच्या विश्वासाविषयी आहे. जॉन ली व कॅट्रिना सी यांनी २००४ मध्ये ‘योग्य मापाचा विश्वास’ ही कल्पना मांडली. यंत्रावर आंधळी भिस्त ठेवणे हेही अविश्वासाइतकेच घातक. बर्कली डीटवोर्स्ट आणि सहकाऱ्यांना २०१५ मध्ये असे आढळले, की यंत्राची चूक एकदा डोळ्यांदेखत घडली की माणसे त्यावरचा भरवसा लवकर सोडतात. तीच चूक माणसाची असली तर चालवून घेतात. यंत्राच्या निकालात थोडासा फेरफार करण्याची मुभा दिली, तर मात्र ती ते वापरायला तयार होतात, असे याच संशोधकांनी पुढे दाखवले.

भारतातील पूर्वपीठिका : आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाविरुद्ध १९६० च्या दशकात कोलकात्यात मोठे आंदोलन झाले. पुढे केंद्र सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनावर समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ चा. बँकांत १९८३ मध्ये संघटनांशी यांत्रिकीकरणाचा करार झाला आणि बँकांच्या यांत्रिकीकरणावरील रंगराजन समितीच्या अहवालानंतर शाखांत लेजर पोस्टिंग मशिने (खातेवहीतील नोंदी करणारी यंत्रे) आली. यंत्रे कुठे व किती, हे आधी टेबलावर ठरले, हा या कराराचा विशेष.

कायद्याची बाजू सहसा दुर्लक्षित राहते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-अ प्रमाणे कामगारकपात संभवेल अशी तंत्रसुधारणा करण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची नोटीस देणे आवश्यक होते. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये ही तरतूद कलम ४० म्हणून आली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. नोटीस नेमकी केव्हा द्यायची, हा वाद नागपूरच्या एका मराठी दैनिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्या दैनिकात छपाईचे खिळे हाताने जुळवण्याच्या जागी फोटोकंपोझिंग (प्रकाशचित्रणाने अक्षरजुळणी) आले होते. नोटीस यंत्र येण्यापूर्वीच हवी, ते बसवून मग कपातीच्या वेळी दिलेली चालणार नाही, असा निर्णय १९९९ मध्ये झाला. सॉफ्टवेअर मात्र एका रात्रीत, ‘अपडेट’ म्हणून आत येते. तेथे ‘यंत्र येण्यापूर्वी’ म्हणजे केव्हा, हा प्रश्न उरतोच.

गोव्यातील स्थिती : यंत्राविषयीच्या अविश्वासाचा गोव्यातील ठळक दाखला मासेमारीचा. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध रापणकारांनी (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी) उभारलेल्या चळवळीनंतर १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. तो मालक-नोकरांमधला तंटा नव्हे, तरी वाटाघाट यंत्र पाण्यात उतरल्यानंतर सुरू झाली, एवढे साम्य नोंदण्याजोगे आहे.

सध्या या विषयाला सर्वांत जवळचे क्षेत्र म्हणजे औषधनिर्मिती. इंजेक्शनच्या व्हायलीत (औषधाच्या छोट्या बाटलीत) कण, धागा वा काचेचा तुकडा आहे का, हे तपासनीस डोळ्यांनी पाहतो : पांढऱ्या पार्श्वभूमीवर सुमारे ५ सेकंद, काळ्यावर ५ सेकंद. हेच काम कॅमेरा करू लागला की त्याची पारख ‘नॅप चाचणी’ने करता येते. चांगल्या-वाईट व्हायली मिसळून त्या अनुभवी तपासनिसांकडून पुन्हापुन्हा तपासून घेतात. जी १० पैकी ७ वेळा किंवा त्याहून अधिक बाद होते, ती बाद गटात जमा होते. त्याच व्हायली मग यंत्रातून काढतात. बाद गट पकडण्यात यंत्र माणसांच्या बरोबरीला आले, तरच ते स्वीकारतात. अर्थात येथे मोजपट्टी म्हणजे कामगाराचीच नजर. हवेचा बुडबुडा यंत्राला कण वाटतो, हे कामगाराला यंत्र पुरवणाऱ्याआधी कळते. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याला विश्वास कमवायचा असेल, तर अशी चाचणी शिफ्टमधल्या लोकांसमोर घेणे हे कोणत्याही जागृती-सत्रापेक्षा उपयोगी. या सत्रांवर व्यवस्थापनाच्या पुस्तकांत पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. अट एकच : चाचणीत कोणाची नजर किती चुकली, याची नोंद पगारवाढीच्या फायलीत जाता कामा नये.

येथे कायदा फारसा हात देत नाही. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये नोकरीशी निगडित काही कारणांसाठी मालकाला कर्मचाऱ्याची माहिती संमतीविना वापरू देणारी तरतूद आहे. युरोपीय संघात मात्र कामाच्या ठिकाणी भावना ओळखणारी प्रणाली वापरण्यास, वैद्यकीय व सुरक्षेचे अपवाद सोडल्यास, फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. तेव्हा गोव्यात कॅमेऱ्याची नोंद कुठवर वापरायची, हे कामगार करारातच लिहून घ्यावे लागते.

हॉटेल व्यवसायात ड्यूटीचे वेळापत्रक आणि ग्राहकांचे अभिप्राय या दोन ठिकाणी अशा प्रणाली वापरता येतात. पर्यटनाच्या हंगामापुरता घेतलेला कर्मचारी वाटाघाटीला बसण्याआधीच हंगाम सरतो. कंत्राटी कामगारांचे तर याहून कठीण : कायद्याने त्यांचा मालक कंत्राटदार, यंत्र मात्र कारखान्याचे.