‘पिन तुम्हीच कुणाला तरी सांगितला असणार’

खात्यातून परस्पर पैसे गेल्याची तक्रार घेऊन शाखेत गेलं, की काउंटरवरून वर्षानुवर्षं हेच ऐकू यायचं. पिनशिवाय पैसे निघत नाहीत, म्हणजे चूक खातेदाराची. एटीएम मशीनचा लॉग, म्हणजे व्यवहारांची नोंद, बँकेकडे, सीसीटीव्हीचं चित्रीकरणही बँकेच्या हातात, आणि आपण पैसे काढलेच नाहीत हे सिद्ध करायचं मात्र खातेदाराने!

खरं दुखणं होतं कार्डामागच्या काळ्या चुंबकीय पट्टीत. तिच्यावरची माहिती कधी बदलत नाही. कार्ड घालायच्या खाचेवर स्किमर, म्हणजे पट्टीवरची माहिती चोरून वाचणारं उपकरण, बसवायचा, कीपॅडच्या वर बारीक कॅमेरा चिकटवायचा, की झाली नक्कल तयार. मूळ कार्ड मालकाच्या पाकिटात आणि पैसे भलत्याच शहरातून लंपास. लॉगमध्ये नोंद मात्र ‘पिन बरोबर’ अशीच, आणि बँक तोच पुरावा पुढे करायची.

रिझर्व्ह बँकेने एकेक कडी लावत नेली. ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन व्यवहाराला जादा पडताळणी आली, डिसेंबर २०१३ पासून दुकानातही डेबिट कार्डाला पिन लागू लागला. मला विचाराल तर सगळ्यात मोलाचा ठरला तो २०११ पासून प्रत्येक कार्ड व्यवहारामागे येणारा एसएमएस. त्याआधी अनेकांना चोरीचा पत्ता पासबुक भरून घेतल्यावरच लागायचा.

ऑक्टोबर २०१६ मध्ये मात्र जुना युक्तिवाद उघडा पडला. बँकांसाठी एटीएम चालवणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेस या कंपनीच्या यंत्रणेत मालवेअर (माहिती चोरणारं सॉफ्टवेअर) शिरल्याने सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आली. स्टेट बँकेने सुमारे ६ लाख कार्डं बंद करून नवी दिली. प्रत्यक्ष झळ बसली ती १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांना, रक्कम १ कोटी ३० लाख. आकडा तसा लहान, पण यात खातेदाराने कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

अशा चोरीत नुकसान कुणी सोसायचं, याच्या नियमांचा रिझर्व्ह बँकेचा मसुदा आधीच निघाला होता. ६ जुलै २०१७ रोजी त्याचं परिपत्रक आलं. खातेदार जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचं ओझं आता बँकेवर. चूक बँकेची असेल तर खातेदाराला तोशीस नाही. चूक दोघांचीही नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं, तरीही नाही. ४ ते ७ दिवस लागले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा फटका. त्यापुढे बँकेचं धोरण म्हणेल ते. तक्रारीनंतर कामकाजाच्या १० दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. सहकारी बँकांसाठी असंच परिपत्रक त्याच डिसेंबरात निघालं.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. चोरांनी खोटा स्विच, म्हणजे कार्ड व्यवहार मंजूर करणारी यंत्रणा, उभा करून बनावट कार्डांवरच्या व्यवहारांना परस्पर मंजुरी दिली आणि २८ देशांतल्या एटीएममधून पैसे उपसले. स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेमार्गे हाँगकाँगला वळवलेली रक्कम धरून ९४ कोटींवर. इथे लुटली गेली ती बँकच. जुन्या पट्टीची कार्डं बदलून चिपची देण्याची मुदत त्याच वर्षाअखेर संपत होती.

चिपने नक्कल अवघड केली, तसे चोर फोनकडे वळले. केवायसी अपडेटच्या नावाखाली ओटीपी काढून घेणं मशीन फोडण्यापेक्षा स्वस्त. आणि इथेच परिपत्रकातली दुसरी बाजू बँकेच्या कामी येते: ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान खातेदाराचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळे आता भांडण होतं ते घड्याळावरून. संदेश कधी पोचला आणि ग्राहकाचा प्रतिसाद कधी आला, याची तारीख-वेळ नोंदवून ठेवणं आणि तक्रार क्रमांक तिथल्या तिथे देणं परिपत्रकाने बँकांवर बंधनकारक केलं, ते त्याचसाठी.