शाळेतली नेत्रतपासणी, मोफत चष्मा आणि दिव्यांग प्रमाणपत्र: अर्ज नेमका कुठे अडतो

शाळेत डोळे तपासले म्हणजे मुलाचा नंबर काढला, असं बहुतेक पालक धरून चालतात. पुढची निम्मी धावपळ या गैरसमजातून होते. शाळेतली तपासणी ही फक्त चाळणी आहे. सहा मीटरवर, म्हणजे साधारण वीस फुटांवर, इंग्रजी ई अक्षराचा तक्ता धरतात आणि ६/९ ची ओळ मुलाला दिसते का, एवढंच पाहतात. निरोगी डोळ्याला नऊ मीटरवरून दिसणारं अक्षर या मुलाला सहा मीटरवरून तरी दिसतं का, हा त्या आकड्याचा अर्थ. ती ओळ चुकली की मुलाला नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांकडे पाठवतात. नंबर तिथे ठरतो, वर्गात नाही.

तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक करतं, काही ठिकाणी प्रशिक्षण घेतलेले शिक्षक करतात. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा. विनाअनुदानित खासगी शाळा यात येत नाहीत. तिथल्या पालकांनी पथकाची वाट पाहू नये, थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात जावं. पथक आलं त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर त्यांनीही तेच करावं. "पुढच्या वर्षी बघू" म्हणण्यात सगळ्यात मोठं नुकसान होतं. एका डोळ्याला जास्त नंबर असेल आणि वेळेत चष्मा लागला नाही तर तो डोळा आळशी होतो. वयाच्या सात-आठ वर्षांनंतर त्याला वळणावर आणणं फार अवघड जातं.

शिक्षकांना दोन कळकळीच्या सूचना. डोळा बोटांनी नाही, तळव्याने झाकायला लावा, बोटांच्या फटीतून मुलं बिनदिक्कत बघतात. आणि तक्ता प्रत्येक मुलागणिक फिरवून धरा, कारण रांगेतल्या मुलांचा क्रम पाठ होतो. शिवाय ६/९ ची ओळ वाचणाऱ्या मुलालाही प्लसचा नंबर असू शकतो. ते डोळ्यावर ताण देऊन वाचतं आणि संध्याकाळी डोकं दुखतं म्हणतं. अशा मुलाची, तिरळेपणाची शंका असलेल्याची आणि बुबुळात पांढरं दिसणाऱ्याची रुग्णालयात पाठवण्याची संदर्भ चिठ्ठी तक्त्याचा निकाल काहीही असो, लिहाच.

मोफत चष्मा

शाळेतून पाठवलेल्या मुलासाठी मुख्य कागद म्हणजे संदर्भ चिठ्ठी. ती दप्तरात विरते, पावसात भिजते, आणि मग रुग्णालयात "शाळेतून पुन्हा आणा" ऐकावं लागतं. मिळाली त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सोबत बोनाफाईड, मुलाचं आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स असू द्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. हा निर्णय वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि महापालिकेच्या रुग्णालयांना लागू नाही. तिथे वेगळे पैसे पडले तर ते त्यामुळे.

सगळ्यात जास्त मुलं गळतात ती दुसऱ्या भेटीत. लहान मुलांची बाहुली औषधाने मोठी केल्याशिवाय खरा नंबर कळत नाही. खूप लहान मूल असेल तर बाहुली मोठी करणारं अ‍ॅट्रोपिनचं मलम घरी काही दिवस लावायला देतात आणि मग तपासतात. पुस्तकातलं धूसर दिसणं आठवडा-दोन आठवडे राहतं. परिणाम उतरल्यावर पुन्हा बोलावून अंतिम नंबर देतात, चष्मा त्या नंबरावर बनतो. पालक पहिल्याच भेटीनंतर यायचं थांबतात, कारण "नुसतं औषध टाकलं, चष्मा दिलाच नाही" असा समज होतो. अधिकाऱ्यांनी हे दोन वाक्यांत सांगितलं तर किती मुलांचा चष्मा वाचेल. पण ओपीडीत रांग लांब असते आणि सांगायचं राहतं. म्हणून तुम्हीच विचारा: "पुन्हा कधी यायचं?" तारीख केसपेपरवर लिहून घ्या. मलम लावल्यावर हात धुवा. चेहरा लाल होणं, ताप, तोंड कोरडं पडणं दिसलं तर लावणं थांबवून दवाखान्यात दाखवा. परीक्षेच्या आठवड्यात ही तपासणी ठेवू नका.

घाईने दुकानातल्या मशिनवर नंबर काढून चष्मा करू नका. औषधाशिवाय काढलेला मायनस नंबर मुलांच्या बाबतीत बऱ्याचदा जास्त येतो.

चष्म्यानेही दिसत नसेल तर

दिव्यांग प्रमाणपत्राच्या अर्जांत सर्वाधिक निराशा इथे होते, आणि ती टाळता येते. "मुलाला उणे बारा नंबर आहे, मग दिव्यांगत्वाचे टक्के का नाहीत?" असं पालक विचारतात. टक्केवारी नंबरावर ठरत नाही. योग्य चष्मा लावून, दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून किती दिसतं, त्यावर ठरते. उणे बाराचा चष्मा लावून ६/९ दिसत असेल तर दिव्यांगत्व शून्य. याउलट चष्मा लावूनही दोन्ही डोळ्यांना ६/२४ ते ६/६० इतकंच दिसत असेल तर ४० टक्के धरले जातात.

एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला, म्हणजे ६/१८ किंवा त्याहून बरा, असेल तर ३० टक्के. प्रमाणपत्र मिळतं, पण ४० टक्क्यांची अट असलेल्या सवलती मिळत नाहीत. पालकांना हे आधी कोणी सांगत नाही आणि ते चार-चार वेळा प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे मूल नेतात. दुसरा डोळा पुढे बिघडला तरच फेरतपासणीला अर्थ आहे.

एक बाब मात्र नीट पाहायला हवी. रातांधळेपणाच्या काही आजारांत मूल समोरचा तक्ता बऱ्यापैकी वाचतं, पण बाजूचं दिसत नाही, दाराच्या चौकटीला धडकतं. नियमात दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर समोर ठेवून आजूबाजूचं जेवढं दिसतं ते, ४० अंशांपेक्षा कमी असणंही बसतं. अशा मुलाचा दृष्टिक्षेत्र तपासणीचा मशिनवरचा अहवाल सोबत न्या. नुसत्या तक्त्यावर तपासलं तर खरा त्रास कागदावर येणारच नाही.

प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (संकेतस्थळावर) करायचा, शुल्क नाही. मुलाचा अलीकडचा फोटो, सही किंवा अंगठा, आधार, पत्त्याचा पुरावा आणि आधीचे केसपेपर लागतात. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, त्यासाठी तहसीलच्या फेऱ्या मारू नका. अर्ज ई-सेवा केंद्रातून भरत असाल तर मोबाईल नंबर तुमचाच टाकायला सांगा. केंद्रचालकाचा नंबर टाकला की ओटीपी आणि तपासणीचा निरोप त्याच्याकडे जातो, आणि मूल तपासणीलाच पोहोचत नाही. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव आधीच जुळवून घ्या. एका वेलांटीसाठी अर्ज परत येतो. रुग्णालय निवडताना तिथे नेत्रतज्ज्ञ आहे ना, हे फोन करून विचारा.

तपासणीच्या दिवशी चष्मा घालूनच न्या. बाहुली मोठी करणाऱ्या औषधाचा परिणाम असेल तर तारीख पुढे घ्या. खासगी डॉक्टरांचं पत्र पुरावा म्हणून जोडता येतं, प्रमाणपत्र म्हणून चालत नाही.

दहावीच्या वाढीव वेळेची (तासाला वीस मिनिटं) किंवा लेखनिकाची गरज असेल तर अर्ज शाळेमार्फत दहावीच्या विभागीय परीक्षा मंडळाकडे जातो. हॉलतिकीट आल्यावर धावून उपयोग नसतो, तोपर्यंत मुदत उलटलेली असते. प्रमाणपत्राचं काम आठवीतच सुरू करा. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांवरच्या प्रवेशासाठीही ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र अर्जाच्या वेळी हातात लागतं, "प्रक्रियेत आहे" ची पावती चालत नाही.

लहान मुलांना बऱ्याचदा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्यावरची मुदत वाचा आणि संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज टाका. टक्केवारी चुकीची वाटली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं, मुदत निर्णयापासून ९० दिवस. अल्पवयीन मुलासाठी ते पालक करू शकतात. अपिलासोबत त्याच काळातला दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाचा चष्म्यासहित दृष्टीचा लेखी अहवाल आणि मूळ तपासणीचा केसपेपर जोडा.