विद्यार्थी नेतृत्व शिबिर (मराठवाडा)

आई किंवा वडिलांचा मृत्यू, शेतकरी आत्महत्या, भूकंप, दुष्काळ, ऊसतोडीसाठीचे स्थलांतर, दुर्धर आजार अशा कारणांनी ज्यांचे शिक्षण व घर अडखळले, अशा विद्यार्थ्यांना काही दिवस एकत्र राहायला आणून त्यांच्यावर जबाबदाऱ्या सोपविणारा निवासी उपक्रम. सहभागी विद्यार्थी साधारणतः आठवीपासून पदवीच्या वर्गापर्यंतचे असतात. मुदत बहुधा सात दिवसांची. काही संस्था त्यानंतर वर्षभर पाठपुरावा करतात. स्वयंसेवी संस्था, वसतिगृहे, महाविद्यालये आणि बालगृहे ही शिबिरे भरवितात.

‘शिबिर’ हा संस्कृत शब्द मूळचा सैन्याच्या तळाचा. विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी तो मराठीत रूढ झाला तो मुख्यतः राष्ट्र सेवा दल (स्थापना 1941) आणि सर्वोदय कार्यकर्ते यांच्या वापरातून. सहभागी मुलांना काय म्हणावे याबाबत मात्र एकमत नाही. ‘गरजू’, ‘होतकरू’, ‘वंचित’, ‘आपद्ग्रस्त’, ‘एकल पालकांची मुले’ असे शब्द निरनिराळ्या काळांत आले. त्यांपैकी ‘होतकरू’ सर्वांत जुना व आजही सर्वांत सुसह्य आहे. त्यात मुलाचे काय गेले याऐवजी ते काय होऊ पाहते याची नोंद असते.

या उपक्रमाच्या उगमाविषयी तीन मते आढळतात. पहिल्या मतानुसार त्याचे मूळ निजामी राजवटीतील राष्ट्रीय शाळांत आहे. हिप्परगा (आता जि. धाराशिव) येथे 1921 मध्ये निघालेल्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ (पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर) मुख्याध्यापक होते, पुढे ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेले. शिक्षक-विद्यार्थ्यांचे सहजीवन, श्रम व व्यायाम यांवर या शाळांचा भर होता आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाला त्यांतून कार्यकर्ते मिळाले, हे सर्वमान्य आहे. परंतु तेथे प्रवेशाची कसोटी आपत्ती नव्हती. दुसरे मत सेवा दलाच्या शिबिरपद्धतीकडे बोट दाखविते. दिनक्रमाच्या बाबतीत हे मत ग्राह्य आहे. पहाटेची प्रार्थना, श्रमदान, बौद्धिक आणि रात्रीची गाणी हा आराखडा उघडच तेथून आलेला दिसतो.

तिसरे मत उगम शाळेत किंवा शिबिरात न शोधता वसतिगृहात, म्हणजे इकडच्या बोलीतल्या ‘बोर्डिंगा’त शोधते. त्याच्या पुष्टीसाठी 1938 चे वंदे मातरम् आंदोलन पुढे केले जाते. त्या काळी मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय म्हणजे औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज (1923); ते उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. 1938 च्या नोव्हेंबरात वसतिगृहातील प्रार्थनेत वंदे मातरम् म्हणण्यास मनाई झाली. मुलांनी ती मानली नाही, आणि औरंगाबाद व हैदराबाद येथील शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले (नेमका आकडा वेगवेगळ्या लेखनांत वेगळा येतो). त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. शिक्षण तुटलेली मुले परक्या गावात एकत्र राहिली, स्वतःची व्यवस्था स्वतः पाहू लागली आणि त्यांतून पुढारी तयार झाले, असा हा युक्तिवाद आहे.

याच मताचा दुसरा आधार म्हणजे मिलिंद महाविद्यालय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत 1950 मध्ये महाविद्यालय सुरू केले. खेड्यांतून पहिल्यांदाच शिकायला आलेल्या दलित मुलांची पिढी तेथील वसतिगृहांत राहिली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या प्रश्नावर (विधिमंडळाचा ठराव 27 जुलै 1978, नामविस्तार 14 जानेवारी 1994) जी पिढी उभी राहिली, तिच्या घडणीत या वसतिगृहांचा वाटा कोणत्याही शिबिरापेक्षा मोठा आहे. वसतिगृहातील खानावळ मुलांनीच पाळीपाळीने चालवायची, हिशेब भिंतीवर लावायचा, ही रीत अनेक ठिकाणी होती. चाळीस जणांच्या जेवणाचा महिनाभराचा हिशेब जुळविणाऱ्याला नेतृत्वावरचे व्याख्यान ऐकायची फारशी गरज उरत नाही.

तिन्ही मते आपापल्या जागी खरी असली तरी एक भेद त्यांत निसटतो. नेतृत्वाचे शिक्षण जुने आहे. ‘तुझ्यावर आपत्ती आली म्हणून तुझी निवड’ ही कसोटी नवी आहे. 1972 च्या दुष्काळात ती शक्य नव्हती, कारण खडी फोडायला सगळे गावच जात होते. युवक क्रांती दल किंवा 1974 चे मराठवाडा विकास आंदोलन यांतील तरुणही गरीब घरांतले होते, पण ‘आपद्ग्रस्त’ म्हणून ते वेगळे काढलेले नव्हते. ही कसोटी ठळकपणे आली ती 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे 52 गावे जमीनदोस्त झाली आणि मृतांची संख्या 8 ते 10 हजारांच्या दरम्यान धरली जाते. मागे राहिलेल्या मुलांपैकी बाराशेच्या आसपास मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेले. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ उभे केले, तर ज्ञान प्रबोधिनीने हराळी (ता. लोहारा) येथे निवासी शाळेचे काम हाती घेतले. मुलाला गावापासून दूर न्यावे की गावाजवळच ठेवावे, हा वाद तेव्हा सुरू झाला व अद्याप मिटलेला नाही. नेतृत्वाच्या दृष्टीने दुसरा पर्याय अधिक सयुक्तिक वाटतो. परगावी शिकलेले मूल यशस्वी होते, पण त्याच्या नेतृत्वाचा लाभ त्या परगावालाच होण्याचा संभव जास्त.

भूकंपानंतर निकषांत शेतकरी आत्महत्येची भर पडली. राज्य शासनाच्या 2006 च्या निर्णयानुसार पात्र कुटुंबास 1 लाख रुपये मिळतात : 30 हजार तातडीने व 70 हजार ठेवीच्या रूपात. तहसिलातील यादीत प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ यावर मुलाची ओळखही ठरू लागली. शिबिराची निवड त्याच यादीवरून केली, तर सावकाराचे कर्ज असलेल्या पण सातबारा नावावर नसलेल्या बापाचे मूल बाहेर राहते. जाणते संयोजक म्हणून यादी बाजूला ठेवून गावच्या शिक्षकाला विचारतात. कोविडनंतर (2020–21) दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी 5 लाखांची मुदतठेव आली. बालसंगोपन योजनेतील मासिक साहाय्य 2023 पासून 2,250 रुपये झाले.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचा प्रश्न वेगळा, कारण त्यांची आपत्ती दरवर्षी ठरल्या वेळी येते. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले जोडपे (यालाच ‘कोयता’ म्हणतात, नवरा-बायको मिळून एक कोयता) दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र वा कर्नाटकातील कारखान्यांकडे निघते आणि उन्हाळ्यात परतते. बीड जिल्ह्यातून हे स्थलांतर सर्वाधिक. परिणामी दिवाळीच्या सुटीत शिबिर ठेवले की नेमकी हीच मुले उसाच्या फडात असतात, आणि मे महिन्यात ठेवले की पाणी नसते. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात शंभर मुलांचे मेचे शिबिर म्हणजे आधी टँकरची व्यवस्था. हंगामी वसतिगृहे, आर्वी (ता. शिरूर कासार) येथील ‘शांतिवन’सारख्या संस्था आणि 2021 पासूनची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना यांमुळे मुले मागे राहू शकतात; अशा ठिकाणी शिबिर वेगळे भरवावे लागत नाही, हंगामातच ते घडते.

सात दिवसांचा साचा राष्ट्रीय सेवा योजनेच्या (1969) विशेष शिबिरातून उचललेला आहे. दिवस गटांत वाटलेला असतो : पाणी, स्वच्छता, स्वयंपाक, सभा. यांतील कळीची जागा म्हणजे कोठी. कोठीची किल्ली ज्याच्याकडे, त्याला पीठ, डाळ, तेल, गूळ मोजून द्यावे लागतात, संध्याकाळी शिल्लक लिहावी लागते आणि मित्राने मागितलेली शेंगदाण्याची मूठ नाकारावी लागते. कोपीवर (ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीत) वाढलेली तेरा-चौदा वर्षांची मुलगी हे काम सहज करते, कारण आई फडात असताना धाकट्या भावंडाला सांभाळून आठवड्याचे पीठ पुरविणे तिने केलेलेच असते. फरक इतकाच, की येथे तिच्या कामाची नोंद वहीत होते आणि सायंसभेत ती वाचली जाते.

दुसरा प्रचलित भाग ‘जीवनरेषा’. कार्डशीटवर जन्मापासून आजपर्यंतची रेघ ओढायची, चांगले प्रसंग वर, वाईट खाली मांडायचे व गटात सांगायचे. याविषयी कार्यकर्त्यांत तीव्र मतभेद आहेत. सांगितल्याने ओझे हलके होते, असे एक बाजू मानते. दुसरीचा आक्षेप असा, की मूल सांगायला तयार नसताना त्याच्याकडून कहाणी काढून घेतली जाते; समारोपाला पाहुणे व देणगीदार आले की तीच कहाणी माइकवर पुन्हा सांगावी लागते, आणि तिसऱ्या शिबिरापर्यंत मूल कोठे थांबून डोळे पुसायचे तेही शिकते. आक्षेपात तथ्य आहे. काही संयोजक आता रेघ काढून घेतात, पण कागद मुलाकडेच ठेवतात.

आडनावाविना ओळख करून देण्याची पद्धत काही शिबिरांत आढळते. जयप्रकाश नारायण यांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीच्या (1975) कार्यकर्त्यांमध्ये आडनाव गाळण्याची रीत होती, तिचा हा वारसा असावा. संयोजकांना ‘सर-मॅडम’ऐवजी ‘दादा-ताई’ म्हटले जाते.

मुलींचा सहभाग आठवी-नववीपर्यंत बरा, पुढे घटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) 20 ते 24 वयोगटातील स्त्रियांपैकी अठराच्या आत विवाह झालेल्यांचे प्रमाण परभणी जिल्ह्यात सुमारे 48 टक्के, तर बीडमध्ये सुमारे 44 टक्के होते. गेल्या वर्षीची गटनायिका यंदा का आली नाही, याचे उत्तर बहुधा मैत्रिणीच देतात. मुलांच्या बाबतीत गळती अठराव्या वर्षी होते. त्या वयाला बालगृह सोडावे लागते. बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीच्या अनुरक्षणगृहाची सोय एकविसाव्या वर्षापर्यंत असली तरी जागा मोजक्या असतात. त्यामुळे जुन्या शिबिरार्थींनी छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा पुण्यात खोली भाड्याने घेऊन धाकट्यांना तेथे ठेवून घ्यायचे, डबा वाटून खायचा, प्रवेशाच्या रांगेत सोबत उभे राहायचे, अशी व्यवस्था रूढ झाली आहे. कोणत्याही संस्थेच्या अहवालात ती सहसा येत नाही.