अंगठा उमटला नाही तर?

सांगली जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. गावाकडच्या शिधापत्रिकेवरचे धान्य आता त्यांना वाळव्यातल्या किंवा कडेगावच्या रास्त भाव दुकानातही घेता येते, कारण दुकानातले ई-पॉस मशीन बोटाचा ठसा आधारच्या नोंदीशी ताडून पाहते. पूर्वी गाव सुटले की रेशनही सुटत असे. तेव्हा या तंत्रज्ञानाने गरिबाचा हक्क रुंदावला, हे आधी मान्य करायला हवे.

अडचण आहे ती बोटांची. यंत्र ठशाचे चित्र जसेच्या तसे जुळवत नाही. कातडीवरच्या रेषा जिथे संपतात किंवा दुभंगतात, त्या खुणांची जागा आणि दिशा टिपून ते जुन्या नोंदीशी किती साम्य आहे याचे गुण काढते आणि ते ठरावीक मर्यादेच्या वर गेले तरच होकार देते. ही मर्यादा वाढवली तर तोतया अडतो, पण खरा माणूसही नाकारला जाण्याची शक्यता वाढते. कमी केली तर याच्या उलट घडते. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारी मर्यादा नसते. वर्षानुवर्षे कोयता धरून किंवा निव्वळ वयोमानाने ज्यांच्या रेषा झिजल्या, त्यांच्या वाट्याला नकाराची चूक अधिक येते. यंत्राचे उत्तर म्हणजे मुळात संभाव्यतेचा अंदाज. दुकानात मात्र तो निकाल ठरतो.

ओळख पटवण्याची निकड मुळात सत्तेचीच होती. १८५८ मध्ये बंगालमधील अधिकारी विल्यम हर्शेल यांनी एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला, तो त्याला पुढे करार नाकारता येऊ नये म्हणून.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एकमताने सांगितले. २०१८ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारी लाभांसाठी आधार वैध ठरवताना, पडताळणीच्या नोंदी सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवण्यास न्यायालयाने मनाई केली. ठसा जुळला नाही म्हणून पात्र माणसाचा लाभ अडणार नाही, ही सरकारची ग्वाहीही निकालात नोंदली गेली. मात्र ती पाळली गेली नाही हे दाखवायला नागरिकाच्या हाती पुरावा लागतो. म्हणून माझ्या मते धान्य घेतल्याची पावती मिळते, तशी यंत्राने नाकारल्याचीही तारीख-वेळेसह पावती मिळाली पाहिजे. तहसील कार्यालयात तक्रार नेताना निदान तेवढा कागद हाती असेल.