काइयुआन नाणं आणि काइयुआन काळ

चौकोनी भोकाचं जुनं चिनी नाणं हाती आलं, की वाचणारा त्यावरची चार अक्षरं लावतो : काइ-युआन-तोंग-बाओ. मग लगेच ठरवून टाकतो, की हे तांग घराण्याच्या काइयुआन काळातलं, सम्राट श्वानझोंगच्या भरभराटीच्या दिवसांतलं. अक्षरं तीच आहेत, पण अंदाज चुकीचा.

नाणं 92 वर्षांनी थोरलं आहे. ते 621 मध्ये तांग घराण्याचा पहिला सम्राट गाओझू याने काढलं. अक्षरं ओउयांग शून या नामांकित सुलेखनकाराची. त्याआधी सातशेहून जास्त वर्षं 'वूझू' नाणं चाललं होतं. वूझू हे नुसतं वजन, पाच झू; झू हे जुनं चिनी वजनाचं माप. गाओझूने वजन काढून 'नव्या पर्वाचा आरंभ' अशा अर्थाचे शब्द घातले. गंमत अशी, की पुढे हेच नाणं वजनाचं माप झालं. दहा नाणी मिळून एक ल्यांग, हेही चिनी वजनाचं माप, भरायचा, म्हणून ल्यांगच्या दहाव्या हिश्शाला 'च्येन', म्हणजे चक्क 'पैसा', म्हणू लागले. आपल्याकडे रुपयाभार म्हणजे तोळा, तसंच.

काइयुआन काळ हे मात्र वर्षं मोजायचं नाव. सम्राट असं शुभ नाव जाहीर करायचा आणि वाटलं की बदलायचा. श्वानझोंगने तीन नावं वापरली, त्यातलं काइयुआन 713 ते 741 चाललं.

घोळाचं मूळ नंतरच्या सवयीत आहे. तांगनंतरच्या सोंग घराण्याच्या काळात नाण्यावर चालू कालनाम घालायची रीत रुळली, आणि त्याच नजरेने लोक जुनी नाणीही वाचू लागले. काही नाण्यांच्या पाठीवर चंद्रकोर असते. ती श्वानझोंगची लाडकी यांग ग्वेफेइ हिच्या नखाची खूण, अशी दंतकथा आहे. पण साचा पडला तेव्हा तिच्या जन्माला शंभराहून थोडी कमी वर्षं अवकाश होता! जपाननेही या नाण्याच्या धर्तीवर 708 मध्येच आपलं नाणं पाडलं होतं, काइयुआन काळ सुरू होण्याआधी.

तरी दोघांची गाठ पडते. नाण्यावर साल नाही आणि ते तांग काळभर पाडलं जात राहिलं, त्यामुळे एखादं खरोखर श्वानझोंगच्या वेळचं असूही शकतं. त्या काळची सुबत्ता मोजलीही याच नाण्यांत. 725 च्या सुमारास दोउभर, म्हणजे साधारण सहा लिटर, तांदूळ 13 नाण्यांना मिळे, आणि पूर्व चीनमधल्या शानडोंगकडे धान्य 5 नाण्यांपर्यंत उतरलं होतं, अशी डू यू या तांगकालीन लेखकाची नोंद आहे.

पण व्यापार वाढला तशी नाणी अपुरी पडू लागली आणि हलक्या खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला. श्वानझोंगचा महामंत्री सोंग जिंग याने ती बंद करायला घेतली. त्याचा माणूस दक्षिणेकडे खोटी नाणी गोळा करायला गेला आणि इतक्या कडकपणे वागला, की लोक खवळले. 720 मध्ये सोंग जिंगचं पदच गेलं.